सांभाळून घ्यायचं ते कुठवर? (दारू आणि घरची माणसं)

आंबेमोहर
व्यसनावर इथे याआधीही धागे निघालेत, पण सगळे पिणाऱ्याभोवती फिरतात. कशी सुटते, किती दिवसांत सुटते, कुठलं केंद्र चांगलं. हा धागा बाकीच्यांसाठी आहे: बायको, आई, भाऊ, कॉलेजात जाणारी मुलगी. त्यांना सल्ले दोनच मिळतात. एक, "सांभाळून घे, संसार आहे." दुसरा, "सोड त्याला, माहेरी ये." सल्ला देणाऱ्याचं दोन्हीत काहीच जात नाही.

मला मधलं हवंय. प्रश्न नेमके विचारते.
१. सकाळी तो उठूच शकत नसेल तर ऑफिसात "ताप आलाय" असा फोन बायकोने करावा का?
२. पगार, खातं, कर्ज, दागिने यांचं काय करायचं?
३. माळ्यावर सापडलेली बाटली मोरीत ओतावी का?
४. मुलांना काय सांगायचं?

"इच्छाशक्ती हवी" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. इच्छाशक्ती कुठल्या दुकानात मिळते ते ठाऊक असेल तर पत्ता द्या.

शेंगदाणा_चिक्की
वाचनखूण साठवली. क्र. ३ बद्दल एवढंच: मोरीलाही लिव्हर असतं हो. (हलकेच घ्या.)

ओसरी
पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, बाकीचे तीन त्याच्याच पोटात आहेत.

घरच्यांची धडपड दोन प्रकारची असते. एक घर चालवणारी: पोरांची फी, किराणा, सासऱ्यांची औषधं. दुसरी पिणं चालवणारी: ऑफिसात खोटा फोन, बारची उधारी फेडणं, ओकारी पुसून सकाळी काही घडलंच नाही असं वागणं, नातेवाइकांना "ॲसिडिटी आहे" सांगणं. दुसरीही मायेपोटीच होते, पण तिच्यामुळे दारूची किंमत त्याच्याऐवजी दुसरा कुणीतरी भरतो. त्याला बिल कधी दिसतच नाही.

कसोटी सोपी आहे. "हे मी केलं नाही तर भोगणार कोण?" फक्त तो भोगणार असेल तर करू नका. मुलं, म्हातारी माणसं किंवा रस्त्यावरची माणसं भोगणार असतील तर करा. म्हणजे बारची उधारी भरायची नाही, विजेचं बिल भरायचं. तो हॉलमध्ये लादीवर झोपला तर उचलून पलंगावर न्यायचं नाही, पण कुशीवर वळवायचं आणि अंगावर पांघरूण टाकायचं. उताणा झोपलेला माणूस उलटी घशात जाऊन गुदमरतो. तिथे धडा शिकवायला जाऊ नये.

ऑफिसचा फोन: लावून द्या, बोलायला त्याच्या हातात द्या.

कडूकारलं
@ओसरी, ऐकायला छान. फोन त्याने केला नाही, बिनपगारी झाली, पुढे नोकरी गेली, तर उपाशी कोण राहणार? तो नाही, घर. तुमच्याच कसोटीने खोटा फोन करायला हवा.

ओसरी
बरोबर पकडलंत. म्हणून ही गोष्ट एका रात्रीत बंद करायची नसते. आधी शुद्धीत असताना सांगायचं: "येत्या सोमवारपासून मी तुमच्या ऑफिसला फोन करणार नाही." तारीख सांगायची, कारण एका वाक्यात, आणि मग तारीख पाळायची. जे पाळता येणार नाही ते बोलायचंच नाही. "पुन्हा प्यालात तर मी जाते" हे वर्षाला चाळीस वेळा म्हटलं की त्याची किंमत भिंतीवरच्या सुविचाराएवढी होते.

नोकरी वाचवायचा खरा रस्ता वेगळा आहे. दारूचं अवलंबित्व हा रोगनिदानाच्या यादीत नोंदलेला आजार आहे (आयसीडी-१० मध्ये एफ १०.२). मानसोपचारतज्ज्ञाकडे दाखल झाल्यावर मिळणारा दाखला ही खरी वैद्यकीय रजा. खोट्या तापाच्या बारा रजांपेक्षा खऱ्या उपचाराची एक महिन्याची रजा साहेबाला पचायला सोपी जाते.

गोळीबंद
क्र. ३ माझ्या खात्यातला आहे. बाटली ओतू नका. तो रागावेल हे कारण दुसरं. पहिलं कारण असं की रोज आणि बरीच पिणाऱ्याची दारू घरच्यांनी अचानक तोडली तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

आधी माप समजून घ्या. घरचे लोक "थोडी घेतो" आणि "खूप घेतो" असं बोलतात, त्यावरून डॉक्टरला काही कळत नाही. व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीचा एक पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ते एक युनिट. क्वार्टर (१८० मिली) म्हणजे ६ युनिट. हाफ (३७५ मिली) म्हणजे साडेबारा. खंबा (७५० मिली) म्हणजे २५. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिलीची एक बाटली, म्हणजे ४ युनिट. "फक्त बिअरच घेतो" म्हणणारा तीन बाटल्या घेत असेल तर ती दोन क्वार्टर झाली.

रोज पिणाऱ्याने थांबवलं की काय होतं ते तासांवर लिहितो, घड्याळ बघायला सोपं जाईल.
६ ते १२ तास: हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप उडणं.
पहिल्या ४८ तासांत: फिट येऊ शकते. पूर्वी कधी आली असेल तर धोका जास्त.
४८ ते ९६ तास: काहींना डिलिरियम. भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, ताप, छातीत धडधड. घरचे "बाहेरचं लागलंय" म्हणून मांत्रिक शोधतात. ही वेळ हॉस्पिटलची आहे, थेट १०८.

म्हणून ज्याला सकाळी उठल्याउठल्या घोट लागतो, ज्याचे हात प्याल्यावरच स्थिर होतात, त्याची दारू घरी कोंडून ठेवून तोडू नका. क्लोरडायाझेपॉक्साइड किंवा लोराझेपॅम डॉक्टर मोठ्या मात्रेने सुरू करतात आणि आठवडाभरात उतरवत बंद करतात. सोबत बी-१, म्हणजे थायमिन, इंजेक्शनने. "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा" म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नेलंत तर तिथे तो रोज पितो हे आधी सांगा. बी-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. लाजेपोटी लपवलेली ही एकच गोष्ट फार महागात पडते.

उलट_सुलट
म्हणजे घरच्यांनी आता पेग मोजून द्यायचे? बायकोने बारटेंडर व्हायचं?

गोळीबंद
नाही. आणून द्यायची नाही, ओतायचीही नाही. जागची हलवायची नाही. डॉक्टरची वेळ घ्यायची.

पाटा_वरवंटा
युनिटच्या हिशोबाला जोडून एक. शरीर ढोबळमानाने तासाला एक युनिट पचवतं. रात्री अकराला हाफ संपवलेला माणूस सकाळी सातला "फ्रेश" दिसतो, आंघोळ करून पोराला स्कूटरवर शाळेत सोडायला निघतो. त्याच्या रक्तात तेव्हाही अल्कोहोल असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी ती खाली येत नाही. रिक्षाचे पैसे वेगळे काढून ठेवा. ओसरींच्या कसोटीत हे "करा"मध्ये बसतं.

सोलकढी_प्रेमी
पेपरात जाहिरात असते ना, "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा", चहात-भाजीत टाकायची पावडर. ती कशी असते? गावाकडे बऱ्याच बायका वापरतात.

गोळीबंद
पुडीत काय आहे ते पुडी विकणाराच जाणे. बऱ्याचदा संशय डायसल्फिरामचा असतो, म्हणून त्याबद्दल लिहितो.

दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्याचा निकाल लागतो. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवतं. विष साचतं. दहा-पंधरा मिनिटांत चेहरा लाल, डोकं ठणकणं, ओकाऱ्या, धाप, रक्तदाब खाली. ज्याला हे माहीत आहे तो त्या भीतीने पीत नाही. औषधाचा सगळा खेळ त्या माहितीवर आहे. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर लावतो आणि हृदय कमकुवत असेल तर तिथेच कोसळतो. नकळत देणं म्हणजे औषधातला औषधाचा भाग काढून उरलेला भाग देणं.

कळवून, लिव्हरची तपासणी करून, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी सुरू केलं तर चांगलं औषध आहे. बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहतो. चोरटी दारू घरात कुठून शिरते तेही बघा: खोकल्याची काही सिरपं, माउथवॉश आणि आपली आसवं-अरिष्टं. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट यांत किण्वनातून तयार झालेलं अल्कोहोल असतंच. आजीच्या कपाटातली बाटली डॉक्टरला दाखवा.

ओसरी
डायसल्फिरामचा विषय निघालाच आहे तर जोडप्यांसाठीची एक पद्धत. टिमोथी ओफॅरेल वगैरेंनी अमेरिकेत जोडप्यांच्या उपचारात ती बसवली. रोज ठरलेल्या वेळी, समजा सकाळच्या चहाला, दोन मिनिटांचा कार्यक्रम.

तो म्हणतो: "काल मी घेतली नाही. आजही घेणार नाही."
ती म्हणते: "काल घेतली नाहीत, बरं वाटलं."
गोळी तिच्यासमोर पाण्याबरोबर. कॅलेंडरवर खूण.
झालं. यानंतर दिवसभर दारू हा विषय काढायचा नाही. "गेल्या दिवाळीत काय केलं होतंत आठवतं का" नाही, तोंड हुंगणं नाही, खिसे तपासणं नाही.

शेवटची अट सगळ्यात जड जाते आणि उपयोगही तिचाच जास्त. पंधरा वर्षं खिसे तपासलेल्या हाताला एकदम काय काम द्यायचं? म्हणून दोन मिनिटांचं काम दिलंय. ज्या दिवशी तो गोळी टाळेल त्या दिवशी भांडायचं नाही, उपचार करणाऱ्याला कळवायचं, आणि हेही कराराच्या पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं.

शेंगदाणा_चिक्की
कालनिर्णयवर संकष्टी, दूधवाल्याचा खाडा आणि आता गोळी. चौकोन मोठे छापायला सांगा.

कडूकारलं
हे सगळं तो उपचाराला तयार आहे असं धरून चाललंय. नव्वद टक्के घरांत तो म्हणतो, "मला काही झालेलं नाही, तूच वेडी आहेस." त्याचं काय? जुने लोक म्हणतात, तळ लागू द्या, मग आपोआप येतो.

गोळीबंद
नव्वदचा आकडा कुठून आला माहीत नाही, पण मुद्दा खरा. "तळ लागू द्या" यात अडचण अशी की तळ आधी बायकोला लागतो, मग पोरांना, सगळ्यात शेवटी त्याला.

नकार देणाऱ्याला उपचारापर्यंत आणायला घरच्यांनाच शिकवायचं, यावर न्यू मेक्सिकोत रॉबर्ट मेयर्स यांनी 'क्राफ्ट' ही पद्धत तयार केली. १९९९ साली मिलर, मेयर्स आणि टोनिगन यांनी तिची तुलना केली. दारू पिणारा उपचाराला नाही म्हणतोय अशा घरांतली १३० माणसं घेतली आणि त्यांचे तीन गट केले. अल्-अनॉनच्या (पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या स्वमदत सभांच्या) वाटेने नेलेल्या गटातले १३ टक्के पिणारे उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून अचानक समोरासमोर बसवून जाब विचारायच्या पद्धतीत ३० टक्के. क्राफ्टमध्ये ६४ टक्के. मात्र घरच्यांचा स्वतःचा ताण तिन्ही गटांत सारखाच हलका झाला. म्हणजे तो आला नाही तरी मदत मागणाऱ्याचं भलं झालंच.

घरी करण्यासारखं त्यातलं एवढं:
दोन आठवडे वहीत नोंद. किती वाजता, कुणाबरोबर, पैसे कुठून, त्याआधी काय घडलं. बहुतेक वहीत तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून नक्षी दिसते: पगाराचा दिवस, अमुक मित्राचा फोन, सासऱ्यांशी शेताचं बोलणं.
न प्यायलेली संध्याकाळ गोड करायची. आवडीचं जेवण, मुलांबरोबर पत्ते, नुसतं शेजारी बसणं. आणि त्याला सांगायचं की हे कशामुळे.
प्यायलेल्या संध्याकाळी हे सगळं काढून घ्यायचं, शांतपणे. "आत्ता मी आत जाते, सकाळी बोलू."
उपचाराचा विषय पुढच्या सकाळी, त्याला स्वतःलाच ओशाळल्यासारखं वाटत असताना. तेव्हा डॉक्टरचं नाव आणि वेळ आधीच ठरवलेली हवी, पुढच्या एक-दोन दिवसांतली. "चला, दाखवू कुठेतरी" म्हणून शोधाशोध सुरू केली की ती सकाळ निघून जाते.

उलट_सुलट
पिऊन न आल्याबद्दल नवऱ्याला मटण? न पिणाऱ्या नवऱ्यांवर हा अन्याय आहे. आम्हाला शनिवारी उपमा मिळतो.

ढोबळी_मिरची
@उलट_सुलट, उपमा मिळतोय तोवर खा.

गंभीरपणे: ही पद्धत मारहाण असलेल्या घरात जशीच्या तशी चालत नाही. तिथे "शांतपणे आत जाते" याचंच निमित्त होतं. आधी सुरक्षा, वही नंतर. @वकिलीणबाई, लिहिता का?

वकिलीणबाई
लिहिते, पण कलमांच्या आधी घरातलं.

त्याच्या पावलांचा आवाज वेगळा वाटला की स्वयंपाकघरात थांबू नका. सुरी, गॅस, उकळतं तेल तिथे असतं. बाथरूममध्येही नको, दुसरं दार नसतं. बाहेरच्या दाराजवळच्या खोलीत राहा. एक पिशवी शेजारी किंवा बहिणीकडे ठेवा: आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे कागद, पासबुक, रोजची औषधं, थोडी रोकड, जादाची किल्ली. कागदांचे फोटो दुसऱ्याच्या फोनवर. शेतकरी घरात कीटकनाशक कुलपात, आणि किल्ली भलत्याच ठिकाणी. नशेत "मी जीव देतो" म्हणणारा खरंच देऊ शकतो, ते नाटक समजू नका. तातडीला ११२, महिलांसाठी १८१.

मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात "पडले" सांगू नका. कारण खरं सांगा, नोंद होते, कागद जपून ठेवा.

आता कायदा. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५. यात मारहाणीबरोबर आर्थिक छळही येतो: पगार उडवून घरखर्च न देणं, स्त्रीधन विकणं. संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, ते घटना अहवाल तयार करतात. अर्ज कलम १२ खाली. कलम १८ खाली संरक्षणाचा आदेश, १९ खाली घरात राहण्याचा, २० खाली पैशांचा, २३ खाली तात्पुरता आदेश. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं कायद्यात लिहिलंय. कोर्टात गेलेल्यांनी इथे हसून घ्यावं. तरी अंतरिम आदेश मिळतात, म्हणून अर्ज करताना तो वेगळा मागा.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सुनेला हक्क नाही, हा समज सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात खोडला. ती राहत होती ते घर नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी 'सामायिक घर' ठरू शकतं. आणि हो, दारू पिणं हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं स्वतंत्र कारण नाही. त्यातून झालेली क्रूरता दाखवावी लागते. ओसरींची पद्धत असो की क्राफ्टची वही, तारीखवार नोंद कोर्टातही कामाला येते.

पासबुक
क्र. २ राहिलाच की.

पगार त्याच्या एकट्याच्या खात्यात येत असेल तर बायकोला त्या खात्यावर हक्काने हात घालता येत नाही. राजीखुशीचा उपाय: पगाराच्या दुसऱ्या दिवशी स्थायी सूचनेने (बँकेने दरमहा आपोआप पैसे वळवायचे) भाडं, फी आणि घरखर्च तिच्या एकटीच्या खात्यात जातील असं शुद्धीत असताना त्याच्याकडून करून घ्या. मानी माणसाला "खातं द्या" म्हटलेलं टोचतं, "फीचा हप्ता लावून टाका" म्हटलेलं टोचत नाही.

संयुक्त खातं 'दोघांपैकी कुणीही' असं असेल तर तो एकटा सगळं काढू शकतो. दोघांपैकी कुणीही एकाने बँकेला लेखी दिलं की व्यवहार थांबवता येतात, मग पुढे दोघांच्या सह्या लागतात. पत्राच्या प्रतीवर बँकेचा शिक्का घ्या.

जामीनकीची सही करू नका. पतसंस्था, सोसायटी, मित्राचा टेम्पो, काहीही असो. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. "नुसती सही आहे" असं काही नसतं. उलट, नवऱ्याने एकट्याने घेतलेल्या कर्जाला सही न केलेली बायको निव्वळ बायको म्हणून बांधील नसते. वसुलीवाले दारात ओरडले म्हणून दागिने काढून देऊ नका. लॉकर तिच्या एकटीच्या नावावर.

आणि फोनचा पिन बदला. हल्ली घरातले पैसे डब्यातून जात नाहीत, यूपीआयवरून जातात.

वकिलीणबाई
दागिन्यांना जोडून: स्त्रीधन तिचं एकटीचं, नवरा फक्त सांभाळणारा. १९८५ चा प्रतिभा राणी निकाल.

गावठाण
अवांतर, पण लिहितोच. एकेका घराने वही घालण्यापेक्षा गावातलं दुकान बंद करा. महाराष्ट्रात महिलांच्या मागणीवरून मतदान घेता येतं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकली की दुकान बंद.

उलट_सुलट
आणि शेजारच्या गावातलं चालू. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली.

गावठाण
उठली म्हणून बंदीत काही झालंच नाही असं होत नाही. दारू पायी अंतरावर आहे की पंधरा किलोमीटरवर, याने संध्याकाळ बदलते.

ओसरी
दोघांसाठी वेगळा धागा काढा, तिथे शंभर प्रतिसाद नक्की.

शेवगा
एक शंका. तो अजिबात येत नसेल तर केंद्राची गाडी बोलावून उचलून नेतात. चार माणसं येतात, हातपाय बांधतात. हे योग्य आहे का?

गोळीबंद
नाही, आणि कायदेशीरही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ व्यसनाला लागू आहे. इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर कलम ८९: नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाचा) अर्ज, दोन तज्ज्ञांची वेगवेगळी तपासणी (त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ), स्वतःला किंवा दुसऱ्याला इजेचा धोका वगैरे अटी, मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवणं बंधनकारक. साखळीने बांधणं कलम ९५ खाली सरळ मना आहे.

केंद्र बघायला जाल तेव्हा विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा. डॉक्टर रोज येतात की कागदावर? पहिल्या आठवड्यात फिट आली तर कुठे हलवता? घरच्यांना भेटू देता का, फोन कधी? घरच्यांसाठी वेगळं सत्र असतं का? शेवटच्या प्रश्नाला "त्याची गरज नाही" असं उत्तर आलं तर पुढच्या केंद्राकडे.

ओसरी
घरच्यांसाठी सत्र ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून. तिथे बायकांचा 'सहचरी' गट आहे. शिवाय अल्-अनॉनच्या सभा, हे मंडळ १९५१ पासूनचं, खास घरच्यांसाठी. फी नसते, आडनाव सांगावं लागत नाही. तो पीत असो वा नसो, तुम्ही जाऊ शकता. फोनवर विचारायचं तर व्यसनासाठी १४४४६, मन थाऱ्यावर नसेल तर टेलिमानस १४४१६.

कोरा_चहा
सगळ्यांनी पिणारा पुरुष आणि सोसणारी बाई धरलंय. पिणारी बाई असेल तर? तिला कुणी सांभाळून घेत नाही, लपवतात. नातेवाइकांत "तब्येत बरी नसते" एवढंच. नवरा माहेरी पोचवून येतो. उपचाराला न्यायला वर्षानुवर्षं उशीर होतो, आणि बाईच्या शरीराला तेवढ्याच दारूने इजा लवकर होते. लहान मूल असेल तर "मूल कुठे ठेवू" एवढ्यावरून दाखल होणं राहतं. इथे घरच्यांनी करायची पहिली गोष्ट म्हणजे महिनाभर मुलाची सोय. भाषण नको, सोय.

ढोबळी_मिरची
+१००. आणि बायकांसाठी वेगळा विभाग आहे का हे विचारून मगच न्या.

जर्सीतली_गाय
परदेशातल्या घरांसाठी एक भर. अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं तर पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का रद्द होऊ शकतो, खटल्याचा निकाल लागण्याआधीही. देशातला मुक्काम लगेच बेकायदा होत नाही, पण सुट्टीला भारतात आलात की परतीसाठी नवा व्हिसा आणि वैद्यकीय तपासणी. एच-४ (आश्रित) व्हिसावरच्या बायकोचा मुक्काम नवऱ्याच्या व्हिसावर टांगलेला असतो, म्हणून ती घरातलं कुणाला सांगत नाही. इमिग्रेशनचा वकील स्वतःसाठी वेगळा गाठा, त्याच्या कंपनीचा नको.

निशाचर
कुणी बोलत नाहीये म्हणून विचारतो. सुटल्यानंतर नवरा-बायकोतलं काय? सुटली की सगळं पूर्ववत होतं का?

गोळीबंद
बऱ्याच घरांत दारू सुटल्यावर पहिले काही महिने भांडणं वाढतात. घरच्यांना वाटतं, काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं. दहा वर्षं सगळे निर्णय तिने घेतलेत, आता तो शुद्धीवर येऊन विचारतो, "मला न विचारता मुलाचा क्लास का बदलला?" मोठी मुलगी आईची मंत्री झालेली असते, तिचं खातं काढून घेतलं जातं. छोट्या गोष्टीने सुरुवात करा: आधी भाजी-दूध त्याच्याकडे, मग वीजबिल, मग शाळेची मीटिंग. पैशांचे निर्णय सगळ्यात शेवटी.

शरीरसंबंध: जास्त दारूने पुरुषांत ताठरता कमी होते, सुटल्यावर काही महिन्यांत बऱ्याच जणांत सुधारते. तोवर तो तिच्यावर संशय घेतो, हा दारूतला ओळखीचा प्रकार आहे. सुटल्यावरही संशय तसाच राहिला तर वेगळे उपचार लागतात, समजूत घालून जात नाही. आणि ती जवळ येत नसेल तर घाई नको. वासाची आठवण तिच्या अंगात असते. आठवड्यातून एकदा बरोबर चालायला जाणं एवढ्यावर काही महिने काढले तरी चालतं.

पुन्हा घसरण्याआधीच्या खुणा घरच्यांना आधी दिसतात: जेवणाच्या वेळा चुकणं, दारू सोडलेल्यांच्या सभेला दांड्या, जुन्या मित्राचा अचानक उल्लेख, "आता मला कळतं, एखादा पेग चालेल." भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांतलं काय चाललंय ते विचारा. "प्यालात का?" हा प्रश्न सोडून काहीही विचारा.

कडूकारलं
माझा "तळ लागू द्या" मी मागे घेतो. अर्धा.

आंबेमोहर
सगळ्यांचे आभार. क्र. ४ मात्र सगळ्यांनी सफाईने टाळलाय.

ओसरी
खरंय. सहा-सात वर्षांच्या मुलाला: "बाबांना एक आजार आहे, त्यामुळे ते असे वागतात. तुझ्यामुळे झालेला नाही, तुला थांबवता येणार नाही, तुला बरा करता येणार नाही. ते काम डॉक्टरांचं." तीन वाक्यं, पुन्हा पुन्हा. मूल मनातल्या मनात "मी गणितात नापास झालो म्हणून" असं जोडत असतं.

दहाच्या पुढच्याला खोटं सांगू नका, त्याला सगळं माहीत असतं. वासही माहीत असतो. "घरातलं बाहेर सांगू नकोस" हे वाक्य बंद करा आणि घराबाहेरचं एक मोठं माणूस ठरवून द्या, मावशी, शिक्षक, कुणीही. भीती वाटली तर कुठल्या घरी धावत जायचं ते दाखवून ठेवा. १०९८ पाठ करून घ्या. मुलांकडून करून घेऊ नयेत अशा गोष्टी: बाबांना बारमधून बोलावून आणणं, बाटली शोधणं, "बाबांना सांग ना, तुझं ऐकतील" हे. आणि आईने रात्री मुलीजवळ मन मोकळं करणं. त्यासाठी सहचरी आहे, बहीण आहे.

आंबेमोहर
हे छापून ठेवते. शेवटचा छोटा प्रश्न. उपचार घेऊन दीड-दोन महिने झालेला माणूस आणि समोर सख्ख्या भाच्याचं लग्न. आदल्या रात्री हळदीला काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. न्यायचं की नाही?

गोळीबंद
हळदीला नाही. लग्नाला, मुहूर्ताच्या अर्धा तास आधी पोचायचं, अक्षता, पहिली पंगत, निघायचं. पोटभर खाऊन जायचं. हातात कायम कोकम सरबत, रिकामा हात दिसला की कुणीतरी ग्लास देतो. "घेत नाही का?" याचं उत्तर घरून ठरवून: "गोळ्या चालू आहेत." निघायची खूणही ठरवून, त्याने घड्याळ काढून खिशात ठेवलं की ती उठते, कारण विचारत नाही.

शेंगदाणा_चिक्की
वऱ्हाडाच्या बसने की स्वतःच्या गाडीने?

गोळीबंद
स्वतःच्या. बसची मागची सीट हळदीपेक्षा वाईट.

ओसरी
आणि किल्ली तिच्या पर्समध्ये.